डास बाहेर, पेंग्विन आत

२१ जून १९८६
आज दुसरा गेला. काल संध्याकाळी मासे खात होता, सकाळी कुंडाच्या काठावर पालथा! झूचे डॉक्टर हॅरिस म्हणाले, शिकागोचा उकाडा सोसला नाही. पेरू देशाचे पेंग्विन हे, त्यांना उकाड्याचं काय? पण नागपूरला जनावरांची डॉक्टर असेन, या झूमध्ये मी फक्त मासे टाकणारी आणि कुंड धुणारी.

२७ जून
तिसरा. त्याचं रक्त मायक्रोस्कोपखाली पाहिलं — मलेरिया. पक्ष्यांचा, डासांमुळे होणारा. कुंडामागे शहराचं गटार तुंबलंय, तिथे डासच डास.
हॅरिसना सांगितलं. त्यांनी मायक्रोस्कोपखालच्या रक्ताच्या काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला, गर्दी होणार, पेंग्विन बाहेरच हवेत म्हणे.
घरी माझा नवरा अतुल म्हणाला, "नंदा, इथलं डॉक्टरकीचं लायसन्स मिळेपर्यंत गप्प राहा यार. शिफारस हॅरिसच करणार आहेत ना?"
खरं आहे. म्हणूनच राग येतो.

१ जुलै
गप्प आहे.

४ जुलै
केलं एकदाचं. गेट उघडण्याआधी उरलेल्या अकरा जणांना मासे दाखवत मागच्या खोलीत नेलं. हिवाळ्यात ठेवायची जुनी खोली, ओल आलेली, बिनखिडकीची. दार लावलं, हवेच्या झरोक्यावर कापड ठोकलं. डास शिरणार नाही.
रिकाम्या कुंडापाशी मुलं रडायला लागली. हॅरिस धावत आले. "दार उघड."
मी दाराला पाठ लावून उभी. "आधी ती रक्ताची काच बघा."
ते बघायला गेले. बऱ्याच वेळाने परत आले आणि कुंड बंद असल्याची पाटी लावायला सांगितली.

५ जुलै
मलेरियाच्या गोळ्या माशांच्या पोटात घालून देतेय. खाताहेत.

२० जुलै
एकही गेला नाही. हॅरिस शिफारस करणार! अतुलने डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून पेढे आणले.
पण पेंग्विन दिवसभर दाराकडे तोंड करून उभे असतात. मी आत गेले की सगळे पुढे सरकतात. थोडेच दिवस, म्हणते. मराठीत.

९ ऑगस्ट
दोन माद्या गेल्या. हॅरिसनी फाडून पाहिलं. रक्त स्वच्छ. फुफ्फुसांत बुरशी — कोंडलेल्या, ओल्या हवेची. उरलेल्यांनाही धाप लागलीय. बाहेर डास आहेतच.
हॅरिस शांतपणे म्हणाले, "तूच सांग, दार उघडायचं का?"