गाभ्याची खूण

गडमुडशिंगी, ४ जून २००६

चि. सयाजीभावजींना मीनावहिनीचे आशीर्वाद, वि. वि.

दीप्ती बाळंतपणाला माहेरी आली आहे. इथं रक्त तपासलं, तर हिपॅटायटिस बी निघाली, रक्तातून लागणारी कावीळ. पोर दिसायला ठणठणीत, पण विषाणू अंगात आहे. जन्मताच सुया दिल्या की बाळ बहुधा सुटतं, आणि जावईबापूंनाही तपासून लस द्यायला हवी, असं डॉक्टर म्हणतात.

दीप्तीचे वडील लिव्हरनं गेले, तेही यानंच असावं. दवाखान्यात तुम्हीच त्यांना नेत होता. तेव्हा डॉक्टर काही बोलले होते का? घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. तीन खुणा बघायच्या आहेत : विषाणूची साल, सालीविरुद्धची रक्तातली प्रतिकाराची ताकद आणि आतल्या गाभ्याविरुद्धची ताकद. तुमच्या अमरसिंहाला धरून न्या, सुई बघितली की पळतोय गडी.

पुतणीवर माया असू द्या.

मीनावहिनी

मंगळवार पेठ, कोल्हापूर, १२ जून २००६

ती. गं. भा. मीनावहिनींना सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

मी, बायको बाळाबाई आणि दोन पोरं, चौघांचेही रिपोर्ट सोबत पाठवलेत. रोग कुणालाच नाही, उलट ताकदच निघाली! लॅबवाला म्हणाला, की पावणं, तुम्हास्नी ही कावीळ व्हायची न्हाय. बाळाबाई म्हणते, हा तिच्या हातच्या भाकरीचा गुण. दादांच्या वेळी डॉक्टर लिव्हर खराब एवढंच म्हणाले होते.

जयसिंगपूरला, दीप्तीच्या सासरी, मात्र यातलं अक्षर काढू नका. पोरीला परत नेणार नाहीत. बाळंतपण होऊ दे, मग बघू. दादांच्या जागी मी तिचं कन्यादान केलंय, तिचं वाईट चिंतीन का?

धाकट्या दिरावर विश्वास ठेवावा.

सयाजी

गडमुडशिंगी, २० जून २००६

सयाजीभावजी,

तुमचे रिपोर्ट डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टाशेजारी ठेवले. कावीळ येऊन गेली की दोन्ही ताकदी राहतात. माझ्या रक्तात दोन्ही आहेत. मला होऊन गेली, कळलंही नाही. तुमच्या चौघांत फक्त सालीविरुद्धची आहे. ती तेवढी लसीनं येते, कारण लसीत नुसती साल असते, गाभा नसतो. विश्वास बसेना म्हणून वाचनालयातून पुस्तक आणून दोनदा वाचलं.

मग तुमच्या घरी गेले. तुम्ही कामावर होता. बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, की सत्त्याण्णव साली दादांचं रक्त बघून डॉक्टरांनीच घरातल्या सगळ्यांना लस द्या म्हणून सांगितलं. पण दादांनी शपथ घातली, मीनीला सांगू नगासा, पोरीचं लगीन व्हायचं न्हाय.

त्यांना आता काय विचारू? फोटोला विचारून झालं. तुम्ही मात्र समोर होता. माझ्यापाशी शपथ पाळलीत आणि आपल्या पोरांना गुपचूप टोचून आणलंत. दीप्ती तेव्हा बारा वर्षांची होती. बापाची दाढी तीच करायची, ब्लेडनं दोघांनाही कापायचं. तिला लागण कधी झाली, ते डॉक्टरांना सांगता येत नाही. तेव्हा लस दिली असती तर वाचली असती, किंवा नसतीही. आता ते कळायचं नाही.

काल जावईबापूंना बोलावून सगळं सांगितलं. ते उठून अंगणात गेले. मग आत येऊन दीप्तीजवळ बसले आणि लस कुठं मिळते ते विचारलं. निघताना म्हणाले, की लग्नात हे कुणाला ठाऊक होतं का? मला नव्हतं, एवढंच मी सांगितलं.

कन्यादान तुमच्या हातून झालंय. तुमच्यापुरतं उत्तर तुम्ही जयसिंगपूरला जाऊन द्या.

मीनाबाई