मामाच्या डाव्या गालावरचा उजेड

३ फेब्रुवारी, नांदेड

...आणि एवढं भांडूनही माझं म्हणणं तेच आहे. उजेड कमी असला तर प्रॉब्लेम नाही, जास्त असला तर आहे. ओंकारला पटत नाही. त्याचा कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा आणि डोकं पण लग्नाच्या शूटिंगचं. त्याला नवरीच्या मेंदीपासून पंगतीतल्या जिलबीपर्यंत सगळं पांढरंफेक दिसलं पाहिजे. मी म्हटलं, आपल्याला सगळं दाखवायचंच नाहीये.

"मग काय दाखवायचंय?"

त्याला माहीत आहे. विलासमामाचा डावा गाल सुजलाय, आणि तो गाल सोडून बाकीचा मामा त्याच्या गाण्याच्या व्हिडिओत आणायचाय.

सामान: मंडपवाल्याचा एक हॅलोजन. इम्रानभाईंच्या डीजेचे दोन रंगीत लाइट. माझी छोटी एलईडी ट्यूब. थर्माकोलची शीट. बेकरीतून आणलेला बटर पेपर. बस. यूट्यूबवर लोक 'लो बजेट' म्हणून जे दाखवतात ना, त्यात पण आपल्यापेक्षा लई सामान असतं.

५ फेब्रुवारी, नांदेड

मामीचा फोन. आईनं स्पीकरवर घेतला. मामाचा रिपोर्ट आला. तेच निघालं.

गुटखा सोडून किती वर्षं झाली, तरी. ऑपरेशन लातूरलाच, महिनाअखेरीस. जबड्याचा भाग काढणार, जिभेचा पण थोडा. आईनं विचारलं, "आन् गाणं?" मामी म्हणाली, "बोलता येईल म्हनले डॉक्टर. गान्याचं न्हाई सांगता येत म्हनले."

आई किचनमध्ये गेली. नळ चालू केला आणि तशीच उभी राहिली.

मामा एसटी डेपोत मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी गायक. जयंती, लग्न, नामकरण, कुठंही बोलवा, मामाचा बँड हजर. हे गाणं मात्र त्याचं स्वतःचं, आजीवर लिहिलेलं. 'आंगठ्याची शाई धुतली, माय माझी सही शिकली.' ऑडिओ पावसाळ्यातच झाला, गाल ठीक होता तेव्हा. काय आवाज लागलाय त्यात. व्हिडिओ मार्चमध्ये निवांत करू, चौदा एप्रिलच्या जयंतीला टाकू, असं ठरलं होतं.

मग मामा स्वतः फोनवर आला. "पल्ले, आधीच उरकून घे. नंतरचं तोंड कसं ऱ्हाईल काय माहीत."

हसत म्हणाला. पण त्याचं हसू आता बंद दाराच्या पलीकडून आल्यासारखं वाटतं.

८ फेब्रुवारी, लातूर

एसटीनं आलो. हॅलोजन मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, याचं पण हाफ तिकीट काढा.

जागा भारी आहे. इम्रानभाईंच्या मेव्हण्याच्या डाळ मिलचं गोडाऊन, सध्या रिकामं. पत्र्याला बारीक भोकं आहेत आणि हवेत तुरीच्या फोलपटाची धूळ. उजेडाची एकेक तिरीप नुसती उभी राहते! धुराची मशीन भाड्यानं आणायची गरजच नाही. मी नाचायचीच बाकी होते. मग आठवलं कशासाठी आलोय.

इम्रानभाई मामाच्या बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवतात. मी शाळेत जायच्या आधीपासून. त्यांनी गोणपाटं आणली, पत्र्याची मोठी भोकं बुजवली. मी म्हटलं, लहान राहू द्या. ते म्हणाले, "बेटा, तुझे मामा बोलले होते, पोरगी इंग्लिश मीडियमची हाय, तिला भोकंसुद्धा मोजून लागतात."

संध्याकाळी घरी मोबाइलवर गाणं लावून मामानं ओठ हलवून बघितले. तेव्हा कळलं की सूज हा छोटा प्रॉब्लेम आहे. तोंडच उघडत नाही. दोन बोटं आडवी बसत नाहीत. मोबाइलमधून तो पावसाळ्यातला मोकळा आवाज येतोय, 'शिकलीऽऽ' लांब खेचलेली, आणि समोर मामाचे ओठ नुसते थरथरतायत.

मामानं मोबाइल बंद केला. "आवाज माझाच हाय. पर तोंड दुसऱ्याच कुनाचं वाटून ऱ्हायलं."

मामी डाळ मिक्सरमधून काढत होती. मिक्सर चालूच ठेवला तिनं, डाळ कधीच पातळ झाली होती तरी.

मी म्हटलं, मामा, चेहरा दाखवायचाच नाही. मागून लाइट देते. नुसता आकार दिसेल, माईक, हात, डोक्यावरची टोपी. लई क्लासी वाटतं तसं. मामी लगेच म्हणाली, "हाव, तसंच कर बाई."

९ फेब्रुवारी, लातूर

आज नुसती टेस्ट. निळ्यावरून राडा.

बँडमधल्या सगळ्यांना निळा पाहिजे. जयंतीचं गाणं, निळा नाही तर कोणता? इम्रानभाई तर सगळ्यात पुढं. "निळा नको कशी म्हनते तू? लोकांना लांबून कळलं पायजे ना, आपला व्हिडिओ हाय." मला पण निळा आवडतो. आमच्या घराच्या गच्चीवर झेंडा आहे, मी त्याच रंगाखाली लहानाची मोठी झाले. म्हटलं चला, दोन्ही लाइट निळे करू, एक मागून, एक समोरून हलका, आकार अगदीच काळा नको म्हणून. ओंकारच्या कॅमेऱ्यात आधी नुसत्या पट्ट्या पळत होत्या. शटरचा स्पीड पन्नासवर आणला, पट्ट्या गेल्या.

मामा उभा राहिला. मी छोट्या स्क्रीनवर फ्रेम बघत होते. मस्त दिसतंय, असं मी बोलून पण गेले. मग मामीनं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

निळा रंग भिंतीवर चांगला दिसतो, कपड्यांवर चांगला दिसतो. आजारी माणसाच्या तोंडावर निळा पडला की... ओठ काळे. डोळ्यांखाली खड्डे. गालाची सूज चमकत होती, जसं काही...

मामी बाहेर गेली. मी मागं गेले. ती मिलच्या गेटजवळ पदर तोंडाला लावून उभी होती.

"पल्लवी, निळं ठिव गं. माझं काय म्हननं न्हाई. पर यांच्या तोंडावर नगं. मला असं वाटलं की..."

मला पण तेच दिसलं होतं. एक मिनिट आधी 'मस्त' म्हणाले होते, कारण मी मामाकडं बघतच नव्हते. रंगाकडं बघत होते.

आत आले आणि समोरचा निळा बंद केला. निळा फक्त मागच्या भिंतीवर. कोणी का विचारलं नाही. इम्रानभाईंनी स्वतः वायर काढून गुंडाळली.

१० फेब्रुवारी, लातूर

शूट झालं.

सकाळपासून दुपारपर्यंत अंधाऱ्या आकाराचे टेक. मागं निळी भिंत, वरून पत्र्याच्या भोकातून उन्हाच्या काड्या, मधे काळा मामा. खरंच सुंदर आलंय. ढोलकीवाल्याच्या हातावर थर्माकोलवरून थोडा उजेड मारला, इम्रानभाईंच्या काठ्या चमकतायत. शेजारची मिल चालू झाली की व्होल्टेज पडायचं, हॅलोजन हळदीसारखा व्हायचा. ओंकार ओरडायचा, मी ओरडायचे, मामा अंधारातून म्हणायचा, "डेपोत बॅटरी डाऊन झाली तर मी असा ओरडतो का?" सगळे हसले. काही वेळ सगळं नेहमीसारखं होतं.

ओठ कुठंच दिसत नाहीत. गाणं पूर्ण पावसाळ्यातलं. बघणाऱ्याला कळणारच नाही.

सामान गोळा करायला लागलो. मामा खुर्चीतच बसलेला.

"पल्ले, तो पिवळा लाव."

"हॅलोजन? कशाला मामा, झालं की सगळं."

"लाव तर. त्याच्यापुढं तो कागद बी लाव, डोळ्यात जातंय."

मी बटर पेपर लावला. सवयीनं हॅलोजन उजवीकडं ठेवला, चांगल्या गालाकडं. मामानं खुर्चीच फिरवली. सरळ डावा गाल उजेडात.

मी म्हटलं, मामा...

"ऑपरेशननंतर हा गाल ऱ्हानार न्हाई. एवढे दिवस माझ्याजवळ हाय बिचारा. एक तरी व्हिडिओ असू दे याचा."

आणि मोबाइलवरचं गाणं लावू नको म्हणाला. स्वतः गाणार म्हणाला.

मामी दारात होती. "आवो, नका ना. तुमाला तरास व्हतो."

"व्हऊ दे. आता जिभंला ठिवून काय करू?"

गायला. जेवढं तोंड उघडलं तेवढ्यातून. 'सही' मधला स निघालाच नाही. वरच्या पट्टीला आवाज गेलाच नाही, अर्ध्यात फाटला, मग त्यानं ती ओळ खाली घेतली, अंगाई म्हणावी तशी. इम्रानभाईंनी ऑक्टोपॅड सोडून दिला आणि शेजारच्या गोणपाटावर बोटांनी ठेका धरला. ओंकार, ज्याला सगळं पांढरंफेक लागतं, तो कॅमेऱ्यामागून उजेड कमी कर असं खुणावत होता. मी केला नाही.

संपल्यावर मामा म्हणाला, "पल्ले, हेच टाक."

मामी म्हणाली, "काय टाक? जयंतीला सगळं गाव बघंल. गान्याकडं कुनी बघनार न्हाई. गालाकडं बोट दाखवतील. बघा गुटख्यानं काय झालं म्हनून एकमेकांला पाठवतील. माझ्या नवऱ्याचं पोस्टर करतील."

मामा म्हणाला, "करू दे."

"तुमी करू दे म्हनाल. मला ऐकावं लागंल."

मी हॅलोजन बंद केला.

१३ फेब्रुवारी, नांदेड

दोन्ही एडिट करून ठेवलेत. एक निळा, एक पिवळा. फाइलची नावं पण तीच.

निळा वारंवार बघितला. त्यात मामा अजून तसाच आहे, स्टेजवरचा. पिवळा एकदाच बघितला. आईला नाही दाखवला.

२६ फेब्रुवारी, लातूर

ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं, संध्याकाळी बाहेर. डॉक्टर म्हणाले, ठीक झालं. आत जायच्या आधी मामा स्ट्रेचरवर काहीतरी गुणगुणत होता. वॉर्डबॉय म्हणाला, काका, बोलू नका. मामा म्हणाला, बोलून कुठं ऱ्हायलो, गाऊन ऱ्हायलो.

मला चाल ओळखता आली नाही. इम्रानभाईंना विचारलं, त्यांनाही नाही. तेव्हाच रेकॉर्ड करायला पाहिजे होतं का, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. सगळंच काय रेकॉर्ड करायचं.

१५ मार्च, लातूर

मामा घरी आला. नाकातून नळी. डावी बाजू आत गेली आहे. बोलायला बघतो तर लाळ येते, म्हणून बोलत नाही, मोबाइलवर टाइप करतो. पहिला मेसेज मला: 'हॅलोजन परत केला का मंडपवाल्याला.'

मी लॅपटॉप नेला होता. मामी म्हणाली, आत्ता नको. मामानं हातानं खूण केली, दाखव.

आधी निळा. मामा चादरीवर बोटांनी ठेका देत होता. डोळे चमकले. मामी पण मागं उभी राहून बघत होती, तिला आवडला.

मग पिवळा. बोटं थांबली. शेवटपर्यंत बघितला. मधे एकदा त्याचा हात आपोआप गालाकडं गेला, जिथं आता गाल नाही. संपल्यावर त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मामी दबक्या आवाजात म्हणाली, "मी म्हनले नव्हते?"

इम्रानभाई पण आले होते. ते म्हणाले, "भाभी, थकला असंल तो. तुमी लगेच अर्थ काढू नका."

मी मामाला विचारलं, कोणता टाकू? त्यानं टाइप केलं. 'लाइट तुझी. तू ठरव.'

मी परत विचारलं. डोळे मिटून घेतले त्यानं.

१२ एप्रिल, नांदेड

परवा जयंती. मामीचा सकाळी फोन, "निळाच टाक बरं का." ओंकार म्हणतो निळा, क्वालिटी बघ. इम्रानभाई म्हणतात पिवळा, विलास त्या दिवशी स्वतः बोलला होता. आई म्हणते, मला विचारू नको.

मामाला रोज मेसेज करते. जेवला का, नळी कधी काढणार, सगळ्याची उत्तरं देतो. व्हिडिओचं विचारलं की निळ्या टिक येतात आणि पुढं काही नाही.

निळ्यात मामाचा आवाज आहे पण मामा नाही. पिवळ्यात मामा आहे पण आवाज... ऑपरेशनच्या आधीच्या मामानं 'हेच टाक' म्हटलं होतं. आत्ताचा मामा भिंतीकडं तोंड करतो. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं? आणि मामीचं काय, गावात तिला राहायचंय, मला नाही.

दोन्ही फाइली अपलोडला लावून ठेवल्यात, बटण दाबायचं बाकी आहे. हे सगळं आजवर फक्त स्वतःसाठी लिहीत होते. आज पहिल्यांदा कुणालातरी वाचायला देतेय, कारण मला एकटीला जमेना.

तुमच्या घरचा माणूस असता, तर तुम्ही कोणता टाकला असता?