दोन सीटची सायकल

प्रिय दादा,

आज आपल्या दोन सीटच्या सायकलवर सुवर्णपदक मिळालं. पुढे तुझ्या जागी नवी जोडीदार होती. ती चढाचं अंतर खरं सांगते. तू दहा वर्षं "संपलाच बघ चढ" म्हणत मला दिसत नाही याचा फायदा घेतलास, लबाडा!

आता माझी लबाडी ऐक. दोघांची पेडलं एकाच चेनने जोडलेली. तुझा गुडघा कुरकुरतोय हे डॉक्टरांच्या आधी माझ्या पायांना कळलं होतं. शेवटचं वर्षभर मी गुपचूप दुप्पट जोर लावला. "धाकटीला मीच ओढत नेलं," असं तू सगळ्यांना सांगतोस. सांगत राहा, म्हणून तर हे पत्र पाठवत नाही.

आज शेवटच्या चढावर दम संपला, तेव्हा जोडीदाराला म्हटलं, "जरा खोटं बोल ना गं."

तुझी,
मागच्या सीटवरची