जाळी हिसकावूनच घेणार

३१ जुलै, संध्याकाळ
गंगारामच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जेटीवर अयूबशेठचा बर्फ कारखाना. वरून क्रशरमध्ये लादी ढकलायची, खालून चुरा थेट बोटीत. उद्या बोटी सुटणार म्हणून आज घाई होती. क्रशरच्या तोंडावर जाळी नाही. चुरा लाल आला तेव्हा बोटवाला ओरडला.
बर्फ हमाल संघटनेचा सरचिटणीस म्हणून लगेच दवाखान्यात गेलो. नेमकं कसं झालं ते गंगाराम सविस्तर सांगत होता. स्विच, अमुक सेकंद, काय काय. माझ्या डोक्यात भाषण तयार होत होतं, त्यामुळे नीट ऐकलं नाही. घोषणा मात्र फर्स्टक्लास सुचली. ‘बोटाला बोट!’
आता रक्ताचा सडा पडल्याशिवाय माघार नाही.

१ ऑगस्ट
अयूबशेठने बोलावलं. चहा, खारी. म्हणाला, चूक माझीच आहे, नेते. सावर्ड्याला जाळी करायला सांगितली आहे, आठवड्याभरात बसवतो. गंगारामच्या औषधपाण्याचं मी बघतो, त्याला मशीनपासून दूर हलकं काम देतो.
कप भिंतीवर फोडला. (चहा संपल्यावर.) असं मुकाट्याने मिळालं तर त्याला लढा म्हणायचं कसं? आयती जाळी म्हणजे भीक. हिसकावूनच घेणार.
खारी बरी होती.

३ ऑगस्ट
सभा. एकेचाळीसपैकी सतरा हजर. कारखान्याची वीट न् वीट सुटी करू म्हणालो. टाळ्यांसाठी थांबलो. तेवढ्यात सावित्री उठली. ही गंगारामची बायको, जेटीवर मासे विकते, सभासद नाही. म्हणाली, देतोय तर घेत का नाहीस रे मेल्या? गंगारामच्या जागी आता माझा भाऊस रितेश उभा ऱ्हातो, त्याची बोटं काय वर्गणीत दिली काय तुला?
बाईमाणसाला संघर्षाची दिशा कळत नाही. तिला समजावताना टेबलावर मूठ आपटली. काच फुटली. तळहाताला दोन टाके. लढ्यातलं पहिलं रक्त सांडलं, आणि ते नेत्याचं. याची नोंद व्हायला हवी.

४ ऑगस्ट
अयूबशेठचा निरोप आला. भांडण कशाला, नारळी पौर्णिमेला जेटीवर नारळ लढवू. एकाने नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला हाणायचा. माझा फुटला तर मी जाळी बसवीन. तुमचा फुटला तर तुम्ही बसवू द्यायची.
मालक घाबरला हे उघड आहे. आव्हान स्वीकारलं.

६ ऑगस्ट
संगमेश्वरच्या मेहुण्याकडून अठरा नारळ मागवले. एकेक कानाशी धरून वाजवला. सतरा नापास. अठरावा लहान, काळपट, निमुळता, कवटी नुसती दगड. त्याचं नाव कॉम्रेड ठेवलं.
चाचणी घेतली. दाराची कडी तुटली. धुण्याच्या दगडाचा कोपरा उडाला. माझा गुडघा सुजला (नेम चुकला). कॉम्रेडला ओरखडासुद्धा नाही.
बायको, मालन, नारळीभातासाठी तोच मागायला लागली. सतरा पडलेत ना गं, म्हणून ओरडलो. तिने उलथणं फेकून मारलं. कान वाचला. घरातूनसुद्धा लढ्याला विरोध होतो.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
विजय! अयूबशेठने तीन हाणले. तिसऱ्याला त्याचाच फुटला, पाणी त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. माझं बोट मध्ये आलं, नख काळंनिळं. आवाज काढला नाही. (मालन म्हणते, काढलात.)
अयूबशेठ हसला. मिठी मारली. उद्या दुपारी टेम्पो येतो म्हणाला.
हसला तेच खटकलं. हरलेल्या माणसाने हसायचं नसतं. तिथल्या तिथे नवी मागणी जाहीर केली. आधी सर्व कामगारांसमोर नाक घासून माफी, मगच जाळी. पण तोवर सगळे सागराला नारळ घालायला पुढे गेले होते. टाळ्या एकट्या रितेशच्या. तो डास मारत होता असं मालनचं म्हणणं.

९ ऑगस्ट
आजचा दिवस इतिहासात जाईल.
टेम्पो दोनला आला. गेटवर आडवा झालो. ड्रायव्हर हॉर्न देत राहिला. पहार घेतली, पुढची काच खळ्ळकन. त्याने उतरून मला तीन ठेवून दिल्या. चौथी चुकवली. मग अंगात काय संचारलं कोण जाणे, मागचं फळकं पाडलं, जाळी ओढली, फरफटत कडेपर्यंत नेली आणि दिली पाण्यात लोटून. जड होती. बराच वेळ बुडबुडे येत होते.
वळलो तर आपले सगळे हमाल धावत येत होते. वाटलं खांद्यावर घेणार. पहिला ठोसा रितेशचा. ओठ फाटला, दात हलतोय. दोघांनी धरलं, बाकीच्यांनी आळीपाळीने. सावित्रीने पाटी घातली पाठीत. पाटी भरलेली होती. अजून अंगाला बांगड्याचा वास येतोय.
सगळे मालकाने फितवलेत. एकेकाची तंगडी मोडीन. यादी केली आहे. चाळीस नावं.

१० ऑगस्ट
मला न बोलावता सभा झाली. सरचिटणीस बदलला म्हणे. नवा सरचिटणीस गंगाराम! ज्याला सही डाव्या हाताने करावी लागते, तो संघटना चालवणार.
त्याने मालनकडे निरोप ठेवला. जाळी वर काढेपर्यंत मशीनकडे कुणी जाऊ नये, हरीभाऊंनीसुद्धा.
हरीभाऊंनीसुद्धा! मी सहा वर्षं नेता आहे. सहा वर्षांत एका लादीला हात लावलेला नाही, इतका वेळ संघटनेला दिला. आणि हा मला मशीन शिकवणार.

११ ऑगस्ट, दुपारी १२.३०
प्लॅन पक्का. एक ते दीड जेवणाची सुट्टी, कारखान्यात कुणी नसतं. क्रशर चालू करायचा. वरून कॉम्रेड टाकायचा. धुण्याचा दगड ज्याच्यापुढे हरला त्याच्यापुढे क्रशरचे दात काय टिकणार? खटाखट तुटतील. मग स्विच बंद करून कॉम्रेडला बाहेर काढायचा आणि उद्याच्या मोर्चात सगळ्यांत पुढे ठेवायचा.
माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही हे आज सिद्ध होईल.
मालनने आमटीभात वाढलाय. येऊन जेवतो.

१९ ऑगस्ट
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर मलाच लागत नाही.
क्रशरने कॉम्रेड एका घासात खाल्ला. करवंटीसकट. दात एकही तुटला नाही. मी स्विच बंद केला आणि काही उरलंय का बघायला हात घातला. स्विच बंद केल्यावरही ते मशीन तीस मोजेपर्यंत फिरत राहतं. गंगारामने दवाखान्यात हेच सांगितलं होतं. त्याचीही बोटं तशीच गेली होती.
दोन गेली. उजव्या हाताची. त्याची गेली तीच.
मला उचलून अयूबशेठच्या गाडीत घातलं ते रितेशने. मग बुड्या मारून जाळीही त्यानेच वर काढली. परवा बसली. स्विचच्या वर गंगारामने खडूने लिहिलंय, तीस मोजा. सावित्रीने मालनला हे सांगितलं, मालनने मला. बोलताना मालन माझ्या हाताकडे बघत नव्हती.
आज गंगाराम आला. हातात संघटनेचा फॉर्म. जखमी सभासदांत माझं नाव त्याच्या खाली. वाटलं, आता ऐकवणार. ऐकवलं नाही. मला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती, ते बघून जवळ बसला. करंगळी आणि अंगठ्यात बटण कसं धरायचं ते दाखवलं. आधी स्वतःच्या सदऱ्यावर, मग माझ्या. चौथ्या खेपेला मला एक जमलं.
फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, दुखतं का रे अजून? आणि लक्षात आलं, एकोणीस दिवसांत हे मी त्याला पहिल्यांदाच विचारतोय.
तो म्हणाला, बर्फाजवळ गेलं की दुखतं.