माझ्या बापालाही सोडलं नाही

अण्णा,

काल जालन्याच्या प्रशिक्षणात एका पोरीनं मला तुमच्याबद्दल विचारलं. आपल्याकडचं स्वच्छतेचं काम शिकायला परराज्यातून जी मंडळी येतात ना, त्यांच्यातली एक. नुकतीच नोकरीला लागलेली असावी, कारण बाकी सगळे चहाच्या वासानं चुळबुळ करत होते आणि ही एकटीच सरळ बसून ऐकत होती. मी नेहमीची गोष्ट सांगून संपवली, टाळ्या झाल्या, आणि तिनं हात वर केला. "सर, घर में शौचालय था, तो आपके पिताजी बाहर क्यों जाते थे?" एवढाच प्रश्न. इतक्या वर्षांत, इतक्या राज्यांत, हे एकानंही विचारलं नव्हतं. तिला मी काय उत्तर दिलं ते सांगतो, पण एकदम सांगायला जीभ रेटत नाही. आधी ती सकाळ तुमच्यासमोर मांडतो.

त्या साली आपलं गाव हागणदारीमुक्त करायचं भूत तालुक्याच्या मानगुटीवर बसलं होतं. मी गावातल्याच शाळेवर मास्तर, म्हणून पहाटेच्या पथकात माझं नाव आपसूक आलं. गळ्यात शिट्टी, हातात बॅटरी, बरोबर ग्रामसेवक आणि तालुक्याचे साहेब. नाल्याच्या कडेला कुणी टमरेल घेऊन बसलेलं दिसलं की शिट्टी फुंकायची, माणूस उठला की गळ्यात हार घालायचा आणि टमरेल जप्त करायचं. योजना वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. आई म्हणायची, "अंधार पडायची वाट बघत पोट धरून बसणं तर गेलं बाई!" ते खरंच होतं. पण संडास बांधायला अनुदान आलं, पाणी काही आलं नाही. टेंभुर्णीकडून येणारा टँकर कोरड्या विहिरीत पाणी ओतायचा आणि सगळं गाव काठावर दोर सोडून उभं. आपल्या घराला मिळायचं ते एका ड्रमात मावायचं, त्यातच पिणं, त्यातच धुणं. संडासाला प्रत्येक वेळी बादलीभर पाणी लागतं, हे कुणाच्या भाषणात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

तुमच्या सुनेचे तेव्हा दिवस भरत आले होते. एका संध्याकाळी मी खोलीत शाळेचे पेपर तपासतोय आणि तुम्ही मोरीजवळ तिला सांगताय, "पोरी, माझ्या वाटची बादली तू वापर. तुला आता घडीघडी जावं लागून राह्यलं. मला काय, गडी माणूस, जाईन रानाकडं." ती म्हणाली, "पण अण्णा, ते पथक फिरतंय ना." तुम्ही हसलात. "पथकात आपलाच गडी हाय की!" मी हे सगळं ऐकलं. उठून बाहेर आलो नाही, पेपर तपासत राहिलो. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. माझ्या बायकोची सोय झाली होती आणि त्यासाठी मला कुणाला काही मागावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पथक नाल्याच्या पलीकडं निघालं. अजून फटफटलं नव्हतं. बाभळीआडून खोकला आला. तो खोकला मी लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकत आलोय, बॅटरी मारायची गरजच नव्हती. साहेब शेजारी उभे. "वाजवा मास्तर," म्हणाले. मला म्हणता आलं असतं, साहेब, माझा बाप आहे, घरात पाणी नाही. निदान चला, तिकडं कुणी नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं. पण साहेबांनी आदल्याच दिवशी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती, आणि ती थाप मला अजून अंगावर हवी होती. मी शिट्टी फुंकली. तुम्ही धोतर सावरत उठलात, डोळ्यांवर आडवा हात धरून ग्रामसेवकाच्या बॅटरीच्या उजेडाकडं बघितलंत. ग्रामसेवकानं हार माझ्याच हातात दिला. मी तो घातला, अण्णा. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. हा मास्तरचाच बाप, हे साहेबांच्या तोवर ध्यानात आलं, तेही जरा वरमले, आणि त्यातून त्यांना सोडवलंत तुम्हीच. म्हणालात, "बराबर केलं सायेब त्यानं. नियम हाय तर मंग सगळ्यायलाच हाय." आणि तो हार तसाच गळ्यात ठेवून पारापर्यंत आमच्याबरोबर चालत आलात. माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही संडासात जायला लागलात. आणि अंघोळ सोडलीत. मोरीत उभं राहून ओल्या फडक्यानं अंग पुसायचात. आईनं टोकलं की म्हणायचात, "सर्दी झालीय गं." भर उन्हाळ्यात सर्दी! मानेवर घामोळ्या उठल्या होत्या, आई रात्री खोबरेल चोळायची. तुमच्या अंघोळीचं पाणी कुठं जातंय हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. सुनेनं तेवढं एकदा माझ्यासमोर ताट आदळलं आणि ती उठून गेली.

पुढं गावाला बक्षीस मिळालं, आपलं गाव नमुना ठरलं. दुसऱ्या राज्यांतून बसा भरून माणसं यायला लागली. आमच्या साहेबांनी पहिल्याच बसपुढं मला उभं केलं. "इस मास्टर ने अपने बाप को भी नहीं छोड़ा!" लोकांनी काय टाळ्या वाजवल्या! मंग ते वाक्य मीच म्हणायला लागलो, छाती काढून. शेवटाला जोडायचो, "और दूसरे दिन से पिताजी शौचालय जाने लगे." बसमधले लोक पारावर बसलेल्या तुमच्याबरोबर फोटो काढायचे. तुम्हाला हिंदी-उर्दू माझ्याहून चांगली कळायची, हे मी सोयीनं विसरलो होतो. तुम्ही कधी पारावरून उठून गेला नाहीत. एकदा उठून गेला असतात तरी मला लाज वाटली असती, असं आता मनाशी म्हणतो. वाटली असती का, कोण जाणे.

तुम्ही गेल्यावर तर मला रानच मोकळं झालं. विमानानं परराज्यांत नेतात हो मला, हॉटेलात उतरवतात. तिकडच्या एका गावात पहाटे काम दाखवायला नेलं, तर एक म्हातारा गळ्यात हार घालून वाटेवर उभा. शिट्टीवाला तरणा पोरगा पळत येऊन माझ्या पाया पडला, "सर, आप ही से सीखा है." पलीकडं विहिरीच्या काठावर घागरींची रांग लागली होती. आपल्याकडून त्यांनी शिट्टी उचलली होती, बरोबर तशीच. मी त्या पोराची पाठ थोपटली. तुमची सून माझ्या एकाही सत्काराला आली नाही. "ती गोष्ट सांगणार असाल तर मी येत न्हाई," एवढंच म्हणते. नात तुमची कॉलेजात शिकते, तिला ही गोष्ट पाठ आहे आणि ती हसते. ती पोटात होती म्हणून तुम्ही तुमची बादली सोडली होती, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

आता कालचं. माईक माझ्या हातात होता. ती पोरगी उभीच होती, उत्तराची वाट बघत. बादली अगदी ओठावर आली होती अण्णा, तुमची शपथ. वाटलं, हिला सांगून टाकावं, ही ऐकेल, ही तिकडं जाऊन आधी पाण्याचं बघेल. मंग समोरच्या रांगेत साहेब लोक दिसले. मी हसलो आणि म्हणालो, "पुरानी आदत थी, बेटा. बूढ़े लोग जल्दी नहीं सुधरते."

हॉल हसला. ती मात्र हसली नाही. मान हलवून तिनं ते लिहून घेतलं, आणि खाली बसली.