तुमच्या श्राद्धाला उशीर का झाला

नाना, आज तुमचं पान उशिरा वाढलं गेलं, ते माझ्यामुळे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण उपाशी ताटकळणं काय असतं ते एकदा तुम्हालाही कळायला हवं होतं.

तो दिवस तुम्हाला आठवणार नाही. रामघाटच्या आपल्या घरात हातपंप पाणी ओढेनासा झाला होता आणि मी तो खोलून बसले होते, मामानं दिलेले पाने भोवती मांडून. आतला चामड्याचा वायसर फाटलाय, हे मला सापडलंही होतं. तुम्ही पाठशाळेतून आलात आणि दारातूनच ओरडलात, "पोरीचा हात लागला की बिघडलंच!" पाने उचलून दादाला दिलेत, त्यानं ते कधी वापरले नाहीत. मला स्वयंपाकघरात उभं केलंत, दिवेलागणीपर्यंत, न जेवता. मिस्त्री येतो, वायसर बदलतो, तुम्ही त्याला चहा पाजता. आई वाढता वाढता माझ्याकडे बघत नाही. मी तशीच उभी आहे.

आज तुमच्या तिथीला दादा प्रयागहून आला, सोबत गुरुजी. स्टेशनवरून त्यांना माझ्या गाडीतून आणत होते. छताला सरकती काच असलेली गाडी आहे. तुम्ही असतात तर तिच्यात बसला नसतात. रात्रभर पाऊस झालेला. मैदागिनच्या चौकात ब्रेक लावला आणि छतातल्या दिव्यापासून पाण्याची धार दादाच्या डोक्यावर. "तूच काहीतरी खोललं असशील," तो म्हणाला. "नाना म्हणायचेच."

मी गाडी कडेला घेतली.

"आता काय? नाना ताटकळलेत तिकडे!"

"राहू देत उपाशी."

स्वयंपाक माझ्या हातचा, घराची किल्ली माझ्या कमरेला. दोघं मुकाट्यानं एका दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिले. मी काच मागे सरकवली. तिच्याभोवती पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांत भोकं, आणि तिथून पाणी बाहेर जायला नळ्या गाडीच्या खांबांतून खाली उतरतात. गाडी रोज कडुनिंबाखाली उभी असते. कुजलेल्या पानांच्या काळ्या चिखलानं पुढची भोकं बुजली होती. चिमट्यानं चिखल काढला. डिकीतली नायलॉनची दोरी हळूहळू आत सारली, कारण जोर केला तर नळी आतल्या आत निसटते. मग बाटलीनं थोडं थोडं पाणी ओतलं. चाकापाशी आधी काळं पाणी आलं, मग स्वच्छ.

"आलं की गं!" दादा वाकून बघत होता.

"मी काही खोललं होतं?"

"नाही. बुजलं होतं."

"मग म्हण, नाना चुकले."

"आज? त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी?"

"आजच."

गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं. "म्हणून टाका हो, वेळ टळतेय." दादा पुटपुटला. मी मोठ्यानं म्हणायला लावलं. भर रस्त्यात, तुमचा लाडका मुलगा, तुमच्याविषयी.

पिंडाला कावळा लगेच शिवला. दादाला हायसं वाटलं, मला राग आला. मला वाटलं होतं, निदान रुसाल तरी.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि पोचवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. म्हणून सांगते. नळ्या केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. त्यानंतर मी नुसतीच, सावकाश, पाणी ओतत बसले होते.