पथ्याचा रस्सा

९ जाने. १९५५, रवि.
रविवार असून घरात मटण नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, असा रविवार आठवत नाही. लढाईच्या दिवसांतही पावशेर का होईना, आणलेलं.
सौ. पडून आहे. शुक्रवारी मोरीत चक्कर येऊन खाली बसली. डॉ. आले, दंडाला पट्टी गुंडाळली, पारा बघितला आणि मला बाहेर नेलं. "मास्तर, ब्लडप्रेशर फार आहे. मीठ पूर्ण बंद. तेल-तूप निम्म्यावर, मटण नको, चुलीपुढं बसणं नको. हयगय केलीत तर एखाद्या दिवशी अंगावरून वारं जाईल. किंवा त्याहून वाईट."
त्याहून वाईट काय, ते विचारलं नाही.
आमची लेक शालन गडहिंग्लजला असते, कळल्यावर धावत आली. तिच्या सासरी एवढं माणूस, दोन दिवसांवर राहता येत नाही, आज एस.टी.नं गेली. शेजारच्या आक्का म्हणाल्या, दोन वेळचं मी पाठवते. सौ. नं भिंतीकडं तोंड केलं. म्हणजे चूल माझ्याकडं. पेन्शनीत दुसरा उद्योग तरी काय आहे?

११ जाने.
भाकरी थापताना तिचे तीन तुकडे झाले. सौ. अंथरुणावरून बघत होती. "पानी ऊन घ्या की. आनी मळा जरा. नकाशा काढाय सांगितलाय व्हय कुनी?"
पिठलं अळणी. दोन घास खाऊन तिनं ताट सारलं. "ह्यापरीस औषीद बरं."
मीही तेच खाल्लं. ठरवलं आहे, तिचं पथ्य ते माझं. एका घरात दोन स्वयंपाक नाहीत. मिठाची बरणी उचलून आक्कांच्या घरी ठेवून आलो. लोणचं, पापड, सगळं गेलं.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ केला नाही. सौ. दिवसभरात एक भाकरी. गालफडं बसली. मीठ गेलं तसं जेवणच गेलं. असं चाललं तर ब्लडप्रेशरआधी उपासानं

(पुढं लिहवत नाही.)

१६ जाने., रवि.
जमलं. लिहून ठेवतो.
मोड आलेली मटकी. कांदा आणि खोबरं चुलीत थेट निखाऱ्यावर भाजून पाट्यावर वाटलं, म्हणजे तेल लागत नाही. फोडणीला एक पळी पुरे. कांदा-लसणाची चटणी तीन चमचे, सौ. नं उन्हाळ्यात कुटून ठेवलेली. उतरवल्यावर लिंबू. बरोबर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, पोटाला आधार म्हणून.
किती घालू, म्हटलं की "अंदाजानं." अंदाजानं म्हणजे किती? "हाताला कळतंय." एकतीस वर्षं गणित शिकवलं त्याची ही परीक्षा.
पण दोन वाट्या रस्सा प्याली! मटणाचा नव्हे, मटकीचा. विचारलं, कसं झालंय? म्हणाली, "झालंय की." तिच्या तोंडी एवढं म्हणजे पहिला नंबर. माझ्या हाताला चव आहे, हे छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

२७ जाने.
हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं. गूळ नाही, लसूण, ताक आणि वर चटणीचं बोट. सौ. चूळ भरून बसूनच होती. बरं वाटतं.
माडगं पिताना मंगळवार पेठेतली खोली आठवली. नवीन लग्न, पगार तोकडा, पाऊस धरून बसलेला आणि ही पितळीभर माडगं पुढं ठेवायची. मी पुस्तकात डोकं घालून प्यायचो. पुढं रेशनवर मायलो आली, परदेशी लाल ज्वारी. जनावरं तोंड लावत नव्हती, असं सगळे म्हणायचे. आमच्याकडं मात्र भाकरी मऊ असायची. काय करायची कोण जाणे. आज विचारलं. "रातभर ताकात भिजवायची, मग दळायची. तुमी कवा इचारलंसा?"
नाही विचारलं, हे खरं. जेवायचो आणि उठायचो.

१३ फेब्रु., रवि.
फाजील आत्मविश्वास. पांढरा रस्सा करायला गेलो. दुधी शिजवून घोटला, तिळाचं दूध, मिरी, दालचिनी. मटण नाही, तूप नाही. दिसायला झकास, खायला खडूचं पाणी. सौ. घास तोंडात घोळवत राहिली. शेवटी म्हणाली, "तांबडाच करत जावा तुमी."
कारण कळत नाही. तेच हात, तीच चूल. तांबड्यात हात बसला, पांढऱ्यात नाही, असं दिसतं.

२ मार्च
डॉ. कडं टांग्यातून नेलं. पारा तिथंच. तसूभर खाली नाही. पाय सुजलेले.
"मीठ जातंय कुठून तरी." मी म्हटलं, घरात मिठाचा खडा नाही. "मग शेजारून येत असेल. बायका लपवून खातात, मास्तर." सौ. खाली बघत होती.
संध्याकाळी आक्कांना विचारलं, तुम्ही लोणचं-बिणचं देता का हिला. विचारायला नको होतं. "मास्तर, त्वांड सांभाळून बोला. माज्याच हातानं तिला मारीन व्हय मी?" दार लावून घेतलं. त्यांची काही चूक नव्हती.
भीती वाटते. रात्री तिचा श्वास ऐकत पडून राहतो.

२० मार्च, रवि.
रस्सा. आता चवळीचा, भोपळ्याच्या फोडी घालून. चारीठाव जेवली. रोज विचारतो कसं झालंय, रोज तेच "झालंय की". डॉ. ना काय कळतंय, एवढी जेवते म्हणजे सुधारत असणार. (मनाची समजूत.)

५ एप्रिल
आज उलगडा झाला.
चटणीची बरणी तळाला गेली. पेठेत घरोघरी चटणी कुटायचे दिवस. शालननं एस.टी.च्या कंडक्टरबरोबर संकेश्वरी मिरच्यांचं पोतडं पाठवलेलं. बाकीचा बाजार मला. सौ. सांगत गेली, मी लिहीत गेलो: धने, जिरं, तीळ, खसखस, खोबरं, लसूण, कांदा. शेवटचं सांगताना जराशी थांबली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. झालं एवढंच."
लक्ष्मीपुरीत दुकानदारानं सगळं बांधलं आणि आपणहून विचारलं, "खडं मीठ किती देऊ?"
मीठ कशाला?
"चटणीला, मास्तर. बिनमिठाची चटणी वरीसभर टिकंल व्हय? आठ दिसात बुरशी धरंल."
पिशवी तिथंच ठेवून पायरीवर बसलो. गिऱ्हाइकं अंगावरून जात होती. तीन महिने. रोज तीन तीन चमचे. माझ्या हाताची चव! आणि पांढऱ्या रश्शात चटणी नसते.
तीस वर्षं ती चटणी खातोय, आत काय असतं ते एकदा विचारलं नाही. डॉ. पुण्याकडचे, त्यांच्या घरी तिखट वेगळं, मीठ वेगळं. त्यांना कुठून सुचणार?

त्याच दिवशी, संध्याकाळी
घरी येऊन ओरडलो. आयुष्यात हिच्यावर एवढा ओरडलो नव्हतो. तुला ठाऊक होतं?
"व्हय. ठावं हुतं."
मग बोलली का नाहीस? मरायचंय का तुला?
पदराशी चाळा करत बसली. मग: "चटनीतल्या मिठाचं आदी ध्यानात आलं न्हाई. मटकीच्या रश्शाला कळलं. म्हनलं, आज सांगू. तर तुमी पुढ्यात बसून इचारलंसा, कसं झालंय. तीस वरसं मी रांधलं, मला कुनी इचारलं न्हाई की मी कुनाला इचारलं न्हाई. मिठाचं सांगितलं असतं तर परत समदं आळनी, आनी तुमी चूल आक्काच्या गळ्यात घालून परत पेपर वाचत बसला असता."
मी म्हटलं, बसलो नसतो.
"आता म्हनताय."
खरं सांगायचं तर मला माहीत नाही बसलो असतो की नाही. चुलीपुढं तोंड करून बसलो, तिला दिसू नये म्हणून. रडू आलं. पोरं छड्या खाऊन रडायची तेव्हा हसायचो मी.
अंधार पडल्यावर आक्कांकडं जाऊन माफी मागितली. त्यांनी आधी चहा दिला, मग शिव्या.

१० एप्रिल, रवि.
चटणीचा प्रश्न. आक्का आणि दोघी-तिघी येऊन बसल्या. बिनमिठाची चटणी म्हटल्यावर सगळ्या हसल्या. शेवटी ठरलं: मिरच्या-मसाला कोरडा कुटून डब्यात भरायचा, कांदा-लसूण आत्ता घालायचाच नाही. दर आठवड्याला लागेल तेवढा ताजा वाटून मिसळायचा, म्हणजे मिठाशिवाय भागेल. वाटणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सौ. नंही.
वाटतो. हात अजून झोंबतायत.

१७ एप्रिल, रवि.
नव्या चटणीचा पहिला रस्सा. मटकी, भाजलेला कांदा जास्त, चिंच, वर ओली कोथिंबीर भरपूर. दालचिनी वाढवली, हिच्या सांगण्यावरून. मीठ कुठूनच नाही. खरोखरच नाही.
मी आधी चाखला. काय लिहू?
तरी ताट केलं, भाकरी (हल्ली गोल होते) ठेवली, समोर बसलो. विचारावं की नाही, घुटमळत होतो. आपणहून म्हणाली, "आळनी हाय."
म्हटलं, व्हय.
"लई आळनी हाय," म्हणाली, आणि वाटी पुढं केली. "वाढा अजून."
वाढला. दोघांनी सगळा संपवला. बुधवारी डॉ. कडं जायचं आहे, टांगेवाल्याला नऊला सांगितलंय.